यंत्र का मंदावते? : एका निदानाचा इतिहास



वसंत व्याख्यानमालेच्या या व्यासपीठावरून आपण आजवर मोठमोठ्या पंडितांची व्याख्याने ऐकली आहेत. आमचे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. त्यापुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि युनियनच्या कचेरीत. तेव्हा आजच्या मांडणीत पांडित्य सापडणार नाही, हे आरंभीच सांगून मोकळे होतो. विषय आहे लॅपटॉप एकाएकी मंदावण्याचा, आणि त्याचे खरे कारण शोधून काढण्याच्या विद्येचा. कामगार चळवळीतल्या माणसाने हा विषय का घ्यावा, असे आपणांस वाटले असेल. त्याचे उत्तर एका हकिगतीनेच देतो.

मागे एका उन्हाळ्यात आमच्या कचेरीत एक मुलगी आली. वय बावीस-तेवीस. जुन्या कागदपत्रांवरची माहिती संगणकात भरण्याचे काम ठेक्याने घेणाऱ्या एका ठिकाणी ती नोकरीस होती. मजुरी फॉर्मागणिक. तिच्या हातात नोटीस होती. कामात जाणूनबुजून दिरंगाई केल्याचा आरोप तीत होता आणि पुराव्यादाखल एक तक्ता जोडला होता. कोणत्या तासाला किती बटणे दाबली गेली, याची मोजदाद त्या लॅपटॉपमधलाच एक प्रोग्राम ठेवीत असे. सकाळचे आकडे उत्तम; पण काही दिवशी दुपारनंतर तेच आकडे निम्म्याच्याही खाली. दोन महिन्यांच्या मजुरीतून कपात झालेलीच होती. आता कामावरून का काढू नये, याचा खुलासा सात दिवसांत मागितला होता.

ती म्हणाली, "काका, मी हळू नाही करत. लॅपटॉपच मधेच जड होतो. अक्षर दाबलं की तीन सेकंदांनी उमटतं."

"साहेबांना सांगितलंस का?"

"सांगितलं. ते म्हणाले, सकाळी बरा चालतो, मग दुपारीच कसा बिघडतो?"

साहेबांचा प्रश्न अगदीच टाकाऊ नव्हता. अडचण एवढीच की, त्याचे उत्तर शोधण्याआधीच त्यांनी शिक्षा ठोठावली होती. उत्तर आमच्यापाशीही नव्हते. ते शोधता शोधता जे वाचले, जे पाहिले, ते आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

आमचे वडील मुंबईच्या गिरणीत साचेखात्यात विणकर होते. ताण्याचा धागा तुटला की साचा थांबे. साचा थांबला की कापड कमी निघे. आणि कापड कमी निघाले की मजुरी कमी पडे. धागा तुटण्याची कारणे अनेक. कापसाची मिसळ हलकी असेल, सुताला खळ नीट बसली नसेल, खात्यातली हवा कोरडी पडली असेल. परंतु ही कारणे लागतात दुसऱ्या खात्यात आणि धागा तुटतो विणकराच्या डोळ्यांसमोर. म्हणून दोषही त्याच्याच माथी येई. जुन्या काळी तर बिघडलेले कापड विणकराच्याच गळ्यात मारून त्याची किंमत मजुरीतून कापून घेण्याची चाल मुंबईच्या गिरण्यांत होती. १९२८ च्या मोठ्या संपात एकेका विणकराने दोनांऐवजी तीन साचे सांभाळावेत की नाही, हा एक कळीचा वाद होता. कामगारांचे म्हणणे असे की, आधी सूत चांगले द्या आणि मग साचे वाढवा. पुढे १९३६ च्या मजुरी प्रदान कायद्याने दंडाला मर्यादा घातली आणि नुकसानीबद्दल मजुरी कापण्यापूर्वी कामगाराला आपली बाजू मांडण्याची संधी दिलीच पाहिजे, असे ठरविले. आधी निदान आणि मग शिक्षा, हे तत्त्व अशा रीतीने कायद्याच्या पुस्तकात आले.

संगणकाच्या इतिहासातही हेच तत्त्व निराळ्या वाटेने आलेले दिसते. यंत्र मंदावले की लोक प्रथम म्हणतात, यंत्र जुने झाले, दमले, नवे घ्या. ज्यांनी मन लावून शोध घेतला त्यांना मात्र दर वेळी वेगळेच काही आढळले. आमच्या समजुतीप्रमाणे या साऱ्या शोधांची तीन प्रश्नांत वाटणी होते. मंदावलेले यंत्र कशाची तरी वाट पाहत थांबले आहे काय? की ते दुसऱ्याच कोणाचे काम करीत आहे? की त्याचा हात कोणी धरून ठेवला आहे? हे तिन्ही प्रश्न एकदम सुचलेले नाहीत. एकेक सुचायला वर्षे लागली. त्याच क्रमाने ते पाहू.

पहिला प्रश्न वाट पाहण्याचा. ७ डिसेंबर १९६२ रोजी इंग्लंडातील मँचेस्टर विद्यापीठात ॲटलस नावाच्या संगणकाचे उद्घाटन झाले. टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फेरांटी कंपनीच्या साहाय्याने तो बांधला होता. त्या काळी संगणकाची जलद स्मृती फार महाग असे. ॲटलसमध्ये ती सुमारे १६ हजार शब्दांची होती. तिच्या जोडीला चुंबकीय लेप दिलेले फिरते पिंप होते. त्याची चाल मंद, पण त्यात सुमारे ९६ हजार शब्द मावत. किलबर्न यांनी युक्ती अशी केली की, ५१२ शब्दांचे एक पान धरून अशी पाने पिंपातून जलद स्मृतीत आणि तेथून पुन्हा पिंपात नेण्याचे काम यंत्राने आपणहून करावे. प्रोग्राम लिहिणाऱ्याला वाटावे की आपल्यापाशी एकच मोठी स्मृती आहे.

हे समजण्यासाठी एखाद्या सरकारी कचेरीतला कारकून डोळ्यांसमोर आणावा. कारकून म्हणजे प्रोसेसर, त्याचे टेबल म्हणजे मेमरी आणि मागच्या बाजूचा दफ्तरखाना म्हणजे डिस्क. टेबलावर फाईल असेल तर काम झरझर होते. नसेल तर दफ्तरखान्यात शिपाई पाठवावा लागतो, आणि टेबल भरलेले असेल तर आधी एक फाईल परत धाडावी लागते. टेबलावरचा कागद उचलायला एक मिनिट लागते असे धरले, तर जुन्या फिरत्या डिस्कवरून तोच कागद यायला त्या मानाने सुमारे सत्तर दिवस लागतात. हल्लीच्या न फिरणाऱ्या एसएसडी डिस्कवरूनही सोळा-सतरा तास लागतात.

ही युक्ती सर्वत्र पसरली, आणि तिच्याबरोबर एक चमत्कारिक रोगही पसरला. एका संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची पद्धत १९६० नंतरच्या दशकात रूढ होत होती. पाच जण काम करीत असता यंत्र ठीक चाले, सहा जण असता ठीक चाले, आणि सातवा बसला की एकाएकी सर्वांचेच काम ठप्प होई. एकाने भर पडली तर काम एकाच्या हिशेबाने मंदावावे. येथे तर सगळा डोलाराच कोसळे. अमेरिकेतील पीटर डेनिंग या तरुण संशोधकाने १९६८ साली दोन निबंधांत याचा उलगडा केला. प्रत्येक प्रोग्रामला काही काळ ठरावीक पाने सतत हाताशी लागतात. सर्वांची ही पाने मिळून टेबलावर मावेनाशी झाली की प्रत्येक जण दुसऱ्याची फाईल ढकलून आपली मागवितो. ती येते तोवर दुसऱ्याला त्याची हवी असते. शिपाई धावून धावून थकतो आणि कारकून मात्र हात बांधून बसतो. या स्थितीला थ्रॅशिंग म्हणतात. अशा वेळी अधिक चपळ कारकून नेमून काही उपयोग नाही, कारण असलेला कारकूनच रिकामा बसलेला आहे. टेबल मोठे करा, नाही तर एका वेळी जेवढ्यांची पाने मावतील तेवढ्यांनाच आत घ्या, हा डेनिंग यांच्या शोधाचा आशय. आज घरोघरी ४ जीबी मेमरीच्या लॅपटॉपवर पंचवीस पाने एकदम उघडी ठेवली की जे होते, ते हेच.

दुसरा प्रश्न दुसऱ्याच्या कामाचा. २ नोव्हेंबर १९८८ च्या संध्याकाळी अमेरिकेतील विद्यापीठांचे संगणक एकामागून एक मंदावू लागले. चालक मंडळी यंत्र बंद करून पुन्हा सुरू करीत. थोडा वेळ बरे चाले, पुन्हा तेच.  यंत्र कामात गढलेले होते; पण ते काम कोणाचे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. बर्कली आणि एमआयटी येथील मंडळींनी रात्रंदिवस बसून तो अनाहूत प्रोग्राम उलगडला. कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने तो सोडला होता. एका यंत्रातून दुसऱ्यात शिरून तो स्वतःची प्रत तयार करी. त्याने कोणाची फाईल पुसली नाही. एखाद्या यंत्रात आपली प्रत आधीच असली तरीही सातांपैकी एका खेपेस तेथे ठाण मांडायचे, असे त्यात लिहिलेले होते. त्यामुळे एकाच यंत्रात प्रतींवर प्रती साचत गेल्या आणि त्यांच्या भाराने यंत्र मोडकळीस आले. मॉरिसवर खटला होऊन १९९० मध्ये तो दोषी ठरला. तीन वर्षे देखरेख, ४०० तास समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड अशी शिक्षा झाली. आमच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगे ते हे की, हा अदृश्य पाहुणा प्रथम ओळखू आला तो मंदपणामुळे.

याच जातीचे एक अगदी अलीकडचे उदाहरण आहे. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या मुक्त प्रोग्रामवर काम करणारे तंत्रज्ञ आपल्या कामाचा वेग मोजत होते. मोजणी अचूक यावी म्हणून यंत्र शांत असावे लागते. पण दुरून संगणकात प्रवेश देणारा जो पहारेकरी प्रोग्राम असतो, तो कारण नसताना प्रोसेसर वापरताना त्यांना दिसला. पूर्वी प्रवेशाला सुमारे ०.३ सेकंद लागत, आता ०.८ लागू लागले. अर्ध्या सेकंदाची कोण पर्वा करतो? त्यांनी केली. मागोवा घेत ते एक्सझेड नावाच्या, फाईली आवळून लहान करणाऱ्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रोग्रामपर्यंत पोचले. तेथे त्यांना एक चोरदरवाजा आढळला. दोन वर्षांहून अधिक काळ इमानाने काम करून विश्वास संपादन केलेल्या एका साथीदाराच्या नावाने तो बसविलेला होता. २९ मार्च २०२४ रोजी फ्रॉइंड यांनी हे जाहीर केले, आणि बहुसंख्य संगणकांपर्यंत तो पोचण्यापूर्वीच अडविला गेला. अर्ध्या सेकंदाच्या दिरंगाईला त्यांनी आळस म्हटले असते, तर केवढा अनर्थ ओढवला असता!

आता तिसरा प्रश्न, हात धरण्याचा. हा कळायला सर्वांत कठीण, कारण येथे यंत्र वाटही पाहत नाही आणि परक्याचे कामही करीत नाही. ते मुद्दाम सावकाश चालविले जाते. गिरणीत ज्याला 'गो-स्लो' म्हणतात तोच हा प्रकार. फरक एवढाच की येथे हुकूम यंत्राच्याच अंगातून सुटतो.

याचे मूळ उष्णतेत आहे. १९७४ साली आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, ट्रान्झिस्टर जसजसा लहान करावा तसतसे त्याला लागणारे विजेचे बळही कमी करता येते, आणि म्हणून तेवढ्याच जागेत अधिक ट्रान्झिस्टर बसवूनही उष्णता वाढत नाही. तीस वर्षे उद्योगाची गाडी या रुळावरून धावली. पुढे ट्रान्झिस्टर इतके बारीक झाले की विजेची गळती आवरेना. ऑक्टोबर २००४ मध्ये इंटेल कंपनीने आपला ४ गिगाहर्ट्झचा पेन्टियम ४ आणण्याचा बेत सोडून दिला. तेव्हापासून संगणकाच्या वेगाची खरी मर्यादा, उष्णता किती लवकर बाहेर काढता येते, ही झाली.

पेन्टियम ४ मध्ये, म्हणजे २००० सालापासूनच, एक अंतर्गत उष्णतामापक बसविलेला होता. मर्यादा ओलांडली की तो प्रोसेसरचे ठोके मधून मधून गाळीत असे. २००१ साली टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळाने एक धाडसी प्रयोग केला. चालत्या संगणकांच्या प्रोसेसरवरचे थंड करणारे धातूचे ठोकळेच काढून टाकले. प्रतिस्पर्धी कंपनीचे ॲथलॉन प्रोसेसर जळून गेले. पेन्टियम ४ मंदावला, पण चालत राहिला. मंदपणा हा रोग नसून रोगावरचा उपायही असू शकतो, हे त्या दिवशी लोकांनी उघड्या डोळ्यांनी पाहिले.

लॅपटॉपचे दुखणे याहून नाजूक. त्याचे अंग पातळ, पंखा चिमुकला, वाऱ्याच्या वाटा धुळीने बुजणाऱ्या. जुलै २०१८ मध्ये ॲपल कंपनीचा नवा, महागडा मॅकबुक प्रो बाजारात आला. डेव्ह ली या कॅनडातील परीक्षकाने दाखविले की, चित्रफीत तयार करण्याच्या एका कामाला त्याला सुमारे ३९ मिनिटे लागतात. आदल्या वर्षीचा कमी ताकदीचा लॅपटॉप तेच काम त्याहून लवकर उरकतो. मग त्यांनी नवा लॅपटॉप घरच्या फ्रीजरमध्ये ठेवून तेच काम करविले. ते २७ मिनिटांत झाले! निदानाची ही रीत आम्हांला फार आवडली. यंत्राला दोष दिला नाही, तर्क लढविले नाहीत. एकच परिस्थिती बदलली आणि काय होते ते पाहिले. आठवड्याभरात, २४ जुलै रोजी, कंपनीने कबूल केले की उष्णता सांभाळणाऱ्या अंतर्गत प्रोग्राममध्ये एक सांकेतिक किल्ली राहून गेली होती. ती घातल्यावर यंत्र सुधारले.

हात धरणारा दुसरा धनी म्हणजे वीज. जानेवारी २००० मध्ये इंटेलने लॅपटॉपसाठी जो पेन्टियम ३ आणला, तो विजेच्या जोडणीवर ६५० मेगाहर्ट्झने आणि बॅटरीवर ५०० ने चाले. बॅटरी अधिक वेळ पुरावी हा हेतू, आणि तो उघड सांगितलेला होता. परंतु न सांगता हात धरला तर काय होते, हे २०१७ साली दिसले. आयफोन जुने झाले की मंदावतात, ही तक्रार जगभर होती. पण ती ज्याची त्याची एकट्याची होती. कंपनी नवा फोन खपावा म्हणून हे करते, असा काहींचा संशय. तर हे मनाचे खेळ आहेत, असे इतरांचे उत्तर. कॅनडातील जॉन पूल यांनी हजारो फोनांच्या वेगमोजणीचे आकडे एकत्र मांडले. एकाच जातीच्या फोनांचा वेग एका आकड्याभोवती जमायला हवा होता. जुन्या प्रणालीवर तो तसा जमत होता. नव्या प्रणालीवर मात्र खालच्या पातळीवर निरनिराळे पुंजके दिसू लागले. कोणी तरी ठरवून वेग उतरविला आहे, याचाच तो पुरावा. १८ डिसेंबर २०१७ रोजी त्यांनी हे प्रसिद्ध केले आणि दोनच दिवसांत ॲपलने खुलासा दिला: जीर्ण बॅटरीला एकाएकी मोठा भार झेपत नाही, फोन बंद पडतो, म्हणून आम्ही वेग आवरतो. कारण तांत्रिकदृष्ट्या खरे होते. पण ग्राहकाला ते सांगितले नव्हते, आणि नवी बॅटरी घालून जे काम भागले असते त्यासाठी लोक नवा फोन घेत होते. फ्रान्समध्ये फेब्रुवारी २०२० मध्ये याबद्दल कंपनीला २ कोटी ५० लाख युरो भरावे लागले.

पूल यांची ही रीत आम्ही वाचली तेव्हा युनियनमधल्या आमच्या सगळ्या वर्षांचा अनुभव आठवला. एकट्याची तक्रार ही कुरकूर ठरते; शंभरांच्या तक्रारी वहीत ओळीने लिहिल्या की त्यांचे गाऱ्हाणे होते.

आता त्या मुलीकडे वळू. आम्ही कंपनीला पत्र लिहून पंधरा दिवसांची मुदत मिळविली. आणि येथे आमची स्वतःची चूक सांगितली पाहिजे. मे महिना, दुपारची वेळ, यंत्र दुपारीच मंदावते. आम्ही छातीठोक सांगितले, उष्णता! स्टँडजवळ लॅपटॉप दुरुस्त करणारा एक तरुण आमच्या ओळखीचा. आम्ही त्याच्याकडून विनंतीने पंखा साफ करविला. दुसऱ्याच दुपारी लॅपटॉप पुन्हा जड झाला. तो पोरगा म्हणाला, "काका, तुम्ही आधीच निकाल देऊन बसलात. हात लावून बघा, थंडगार आहे." आम्ही साहेबांना जे बोललो होतो तेच त्याने आम्हांला सुनावले.

मग रीतसर आरंभ केला. मुलीला शंभर पानी वही दिली. वेळ, उघडलेले प्रोग्राम, यंत्र बॅटरीवर की विजेवर, अंग गरम की थंड, असे रकाने आखले. तिच्यासोबतच्या चार जणींनीही आपापल्या लॅपटॉपच्या वह्या ठेवायचे कबूल केले. पहिला प्रश्न: वाट पाहतो आहे काय? यंत्रातच टास्क मॅनेजर नावाचा तक्ता असतो. त्यात मेमरी निम्मी रिकामी आणि डिस्क स्वस्थ दिसली. दुसरा प्रश्न: परक्याचे काम? व्हायरस शोधणारा प्रोग्राम रात्री चाले. दुपारी संशयास्पद काही नव्हते. तिसऱ्या प्रश्नाला मात्र तक्त्याच्याच एका कोपऱ्यातल्या आकड्याने उत्तर दिले. प्रोसेसरचा वेग २.४ गिगाहर्ट्झ असायचा. जड झाला त्या घटकेला तो ०.४ वर खिळलेला होता. यंत्र थंड होते, तरी कोणी तरी त्याचा हात घट्ट धरला होता.

प्रोसेसरला फार तापल्याची सूचना देणारी एक तार असते. तिचे नाव प्रोचॉट. गंमत अशी की, तापल्याची ही हाक यंत्रातले इतर भागही देऊ शकतात. विशेषतः वीजपुरवठा अपुरा आहे असे दिसले तर. अशा वेळी प्रोसेसर थंड असूनही तळच्या वेगावर येतो.

दहाव्या दिवशी पाचही वह्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि उलगडा झाला. त्या कचेरीत बारा लॅपटॉप होते. त्यांचे मूळचे चार्जर ६५ वॅटचे. त्यांतले चार बिघडल्यावर बाजारातून स्वस्तातले, ४५ वॅटचे चार आणले होते. रात्री यंत्रे बंद असताना या चार्जरांवरही बॅटरी भरत असे, म्हणून सकाळ बरी जाई. दुपारी एकच्या सुमारास बॅटरी उतरली की प्रत्येक जण हाताला लागेल तो चार्जर लावी. ज्याच्या वाट्याला त्या चारांपैकी एक येई, त्याचे यंत्र वीज अपुरी पाहून आपला वेग आवरी. यंत्र सुरू होताना चार्जर लावलेला असता तर सूचना दिसली असती. पण तो लागे तो काम चालू असताना. मुलीने वहीत एक ओळ लिहिली होती: 'लाल दोरावाला लावला की दोन तासांतही बॅटरी भरत नाही.' चार्जर ओळखता यावेत म्हणून आम्हीच त्यांना रंगीत दोरे बांधायला सांगितले होते. पाचही वह्यांत वाईट दुपारी आणि लाल दोरा यांची जोडी पडलेली होती.

साहेबांसमोर आम्ही भाषण केले नाही. लाल दोऱ्याचा चार्जर लावला, आकडा ०.४. काढला आणि मूळचा लावला, आकडा वर गेला. पुन्हा लाल, पुन्हा ०.४. तीनदा केले. साहेब सज्जन होते. त्यांनी चौथ्यांदा स्वतःच्या हाताने करून पाहिले. नोटीस मागे घेतली गेली. चार नवे चार्जर आले. एका महिन्याची कपात परत मिळाली. ज्या महिन्याची वही नव्हती, त्या महिन्याची मिळाली नाही. त्या मजुरीसाठी आम्ही पुष्कळ पत्रे लिहिली. हाती पुरावा नसला की न्याय कसा अपुरा राहतो, याचे हे उदाहरण म्हणून सांगतो.

या इतिहासातून आम्ही एक व्यवहाराची मागणी काढली आहे आणि ती आपल्यापुढे ठेवतो. आज दुकानात, गोदामात, कचेरीत, इतकेच काय घरबसल्या करण्याच्या कामातही, माणसाचा हात मोजणारे प्रोग्राम बसविले जात आहेत. त्यांना आमचा सरसकट विरोध नाही. विणकराचे कापडही मोजले जातच होते. पण जे यंत्र माणसाच्या वेगाची नोंद ठेवते, त्याने त्याच रकान्याशेजारी स्वतःच्या वेगाचीही नोंद ठेवली पाहिजे. प्रोसेसरचा वेग, मेमरीतली जागा, उष्णता, चार्जर पुरेसा की अपुरा, हे सारे आकडे यंत्राला ठाऊक असतात. ते मालकाच्या हाती आहेत तसेच कामगाराच्याही हाती असावेत, आणि ते पाहिल्यावाचून कोणाच्याही मजुरीला हात लागू नये. त्या कचेरीत आमच्या आग्रहाने आता असा एक रकाना वाढविण्यात आला आहे.

घरी आपल्या मुलाचा लॅपटॉप मंदावला तरी हीच रीत उपयोगी पडते. तो टाकून देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत, एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि जे दिसेल ते लिहून ठेवावे. ती मुलगी आज त्याच कचेरीत काम करते. तिची वही आम्ही युनियनच्या कपाटात जपून ठेवली आहे. नवीन कार्यकर्ता आला की प्रथम ती त्याच्या हाती देतो.